चारचा डबा

"तीस," मास्तर म्हणाले, आणि तिला वाटलं ते तारीख सांगताहेत. दर सोमवारी साडेदहाला कटिंगच्या लांबलचक टेबलाच्या टोकाशी ती हात जरासे वर धरून उभी राहायची, मास्तर तिच्या कमरेभोवती टेप फिरवायचे, "एकोणतीस" म्हणायचे आणि रजिस्टरमध्ये एकोणतीस पडायचं. अकरा वर्षं. हजेरीला "हजर" म्हणतात तसा तो शब्द झिजून गुळगुळीत झाला होता, त्याचा आता कमरेशी काही संबंधसुद्धा उरला नव्हता. आज टेप नवा होता, पिवळाधमक, प्लास्टिकसारखा गार, कमरेला लागल्याबरोबर अंगावर शहारा आला होता. वेगळं ते तेवढंच, असं तिला वाटलं होतं. "परत घ्या," मास्तरांच्या मागे उभी असलेली नवी मॅडम म्हणाली. मास्तरांनी परत घेतलं. तिने हळूच श्वास आत ओढला, पोट पाठीला टेकवलं. "श्वास सोडा," मॅडम म्हणाली, दातांचे डॉक्टर "आ करा" म्हणतात तशा गोड आवाजात. तिने सोडला. तीस. टेबलापलीकडे इस्त्रीवालीने इस्त्री हवेतच धरून ठेवली होती, आणि तिच्यातून निघणारी वाफ मात्र कुणाची वाट न बघता वर चालली होती.

सगळा कारखाना तिला मीडियम म्हणायचा. ते तिचं कामही होतं आणि नावही. बायकांचे शर्ट, पँट, जाकिटं शिवायची ती जागा. कुठलाही नवा नमुना आधी तिच्या अंगावर चढायचा. कागदावर कितीही शहाणा दिसला तरी अंगावर आला की कपडा खरं बोलतो, असं मास्तर म्हणायचे, पण तो बोलायचा तिच्या तोंडून. काखेत ओढतंय. बसलं की मागचा पट्टा वर चढतोय. श्वास घेतला की दुसरं बटण रुसतंय. ती सांगायची, मास्तर टाचण्या लावायचे, खडूची रेघ मारायचे, आणि मग तिच्यावर बेतलेला तो मीडियम हजारांनी कापला जायचा. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी दुकानात, पडद्याआड, कुणी अनोळखी बाई ते दुसरं बटण लावते आणि आरशात स्वतःवर खूश होते, त्या खुशीत तू असतेस, हे मास्तरांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते वाक्य तिने इतकी वर्षं नव्या रुमालासारखं घडी न मोडता ठेवलं होतं. काढून दाखवणार कुणाला? लेकीने सहावीत असताना शाळेच्या फॉर्मवर "आईचा व्यवसाय" या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: उभी राहते. नवरा त्यावर आठवडाभर हसला होता. तीही हसली होती. हसताना पोट दुखलं होतं, पण ते रिकामं होतं म्हणूनही असेल.

मॅडमने दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी पसरले. मास्तरांच्या गळ्यात वर्षानुवर्षं लोंबणारा तो जुना कापडी टेप, कडा काळवंडलेल्या, आकडे पुसट. आणि हा नवा. शून्याला शून्य लावलं. दोन्ही टेप पहिले चार-पाच इंच मैत्रिणींसारखे हातात हात घालून गेले, मग जुन्याचे आकडे हळूहळू पुढे सरकू लागले, आणि नव्याचा तीस आला तिथे जुना अजून एकोणतीसच म्हणत होता. "गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या की मीडियम ढगळ होतो," मॅडम म्हणाली. "आता कळलं. कापडी टेप ताणला जातो, मास्तर. हे मी तुम्हाला सांगायचं?" मास्तर टाचण्यांची उशी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिले. तिच्या मनात मात्र भलतंच आलं. म्हणजे इतक्या वर्षांत किती बायका त्या एका इंचावर खूश झाल्या असतील. आपण अजून मीडियममध्ये मावतो म्हणून घरी जाऊन दोन घास जास्त जेवल्या असतील. आणि ज्या कमरेवरून तो इंच निघाला ती कमर तेव्हा इथे कोमट पाणी पीत होती. "मीडियम, लार्ज झालीस का गं?" काजं करणारी मागून म्हणाली. "वरच्या फळीवर ठेवा आता तिला," दुसरी म्हणाली, आणि हॉलमध्ये हसण्याची एक लाट मशिनींवरून फिरून आली. त्यात वाईट काही नव्हतं. तीही हसली. मॅडम हसली नाही. मॅडमने तिला बाजूला घेऊन हात हातात घेतला, आणि हात गार होता तरी धरण्याची तऱ्हा मायेचीच होती. "दोन महिने देते. एकोणतीसवर या. नाहीतर मला पुतळा मागवावा लागेल, आणि पुतळा काही बोलत नाही हो, तुमच्यासारखं. मला तुम्ही हव्या आहात. उपाशी राहू नका मात्र. मधल्या वेळेला काहीतरी हेल्दी खात जा, पोट भरल्यासारखं वाटेल असं. मी यादी पाठवते."

यादी आलीसुद्धा, दुपारी जेवण व्हायच्या आत. पोट भरल्यासारखं वाटणारे दहा पदार्थ, शेजारी रंगीत चित्रं, आणि चित्रातल्या वाट्या इतक्या भरलेल्या की बघूनच वजन वाढावं. तिने ती यादी मोठ्या मास्तरणीने पहिलीतल्या पोराची पाटी वाचावी तशी वाचली. चारची भूक या लोकांना ठाऊकच नसावी. सकाळची भूक शहाणी असते, समजूत घातली की कोपऱ्यात जाऊन बसते. दुपारची भूक जेवणाचा डबा दिसला की निम्मी निवते. चारची लबाड. ती पोटात येतच नाही. आधी डोक्यात येते, मग हातांत. बोटांना काहीतरी उचलावंसं वाटू लागतं, खडू, दोरा, टाचणी, काहीही. मग शेजारणीच्या बिस्किटाचा वास नाकाला वळसा घालून थेट घशात उतरतो. आणि बरोब्बर साडेचारला नव्या नमुन्यांची ट्रायल सुरू, ती सहापर्यंत. म्हणजे खायचं ते असं, की भूक मरेल पण पोट एका दोऱ्यानेही फुगणार नाही. यावर तिने अकरा वर्षं जे संशोधन केलं होतं त्याला कुणीतरी शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं. भाजलेले चणे भूक मारतात, पण पोटात वारा धरतात, ट्रायलच्या दिवशी बाद. सफरचंद दगाबाज, आठ फोडी खाव्यात आणि अर्ध्या तासात आधीच्या दुप्पट भूक. काकडी म्हणजे चावायचं पाणी. उकडलेलं अंडं उत्तम, दोन तास दम धरतं, पण डबा उघडला की हॉलभर नाकं वळतात. लाह्या घासातच विरतात, मनाला खाल्ल्याचं कळतच नाही, आणि मनाला कळलं नाही तर ते रात्री जेवताना सूड घेतं. हे सगळं करून ती शेवटी पोचली होती ती या उत्तराला: नऊ बदाम भिजवलेले, गाजराचे सहा तुकडे, आधी एक ग्लास कोमट पाणी, नंतर एक, आणि प्रत्येक घास चाळीस वेळा. वीसपर्यंत बदाम लागतो. तिसाला त्याचं बदामपण संपतं. चाळिसाला तोंडात नुसतं काम उरतं, आणि कामाचा कंटाळा आला की माणूस खायचं थांबतं. सगळी युक्ती तिथे होती.

आज चारला ती नेहमीप्रमाणे मागच्या जिन्यावर बसली, गुडघ्यांवर डबा. नऊ बदाम तिच्याकडे बघत होते. उद्यापासून सहा करावे लागतील, मग चार, असा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. मास्तर चहाचा ग्लास घेऊन आले आणि दोन पायऱ्या खाली, तिच्याकडे पाठ करून बसले. फुर्र फुर्र दोन घोट घेतले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"टेप. सहा वर्षं झाली. तेव्हाच एका सोमवारी तीस आलं होतं तुझं. धड टेपने. मी बोललो नाही, म्हटलं परत घेतो. तू त्या आठवड्यात चारला नुसतं पाणी पीत होतीस. टाचणी लावताना तू अशी थरथरत होतीस की ती माझ्याच बोटात घुसली." त्यांनी बोट वर करून दाखवलं, जणू अजून तिथे काहीतरी दिसणार होतं. "ड्रॉवरमध्ये हा जुना पडला होता, फेकायला काढलेला. लावून बघितला. एकोणतीस. म्हटलं बरंय. कुणाचं काय बिघडतंय?"

"मला नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं," मास्तर म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच पटलेलं दिसलं नाही. मग हळू आवाजात, "वाटलं, आकडा जागेवर बसला की खाशील चार घास सुखाने."

"मग खाल्ले का मी?"

तिचा आवाज चढला नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की तो इतका सपाट, इस्त्री केल्यासारखा निघाला. "एकोणतीस आलं म्हणून मी तेच धरून बसले, मास्तर. दर सोमवारी तुम्ही एकोणतीस म्हणालात आणि मला वाटलं, बघ, नऊ बदामांनी काम केलं. दहावा खाल्ला असता तर गेलं असतं. सांगितलं असतंत तर एखादं केळं तरी खाल्लं असतं मी." खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मास्तरांनी गळ्यातून तो जुना टेप काढला, बोटांभोवती गुंडाळला आणि तिच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. "घेऊन जा. इथे राहिला तर मॅडम कात्री चालवेल." भेट द्यावी तसा ठेवला, का पुरावा लपवायला द्यावा तसा, ते कळलं नाही. टेप अजून त्यांच्या मानेइतका गरम होता.

सुटल्यावर तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन केळी घेतली आणि एक तिथेच उभ्या उभ्या सोलून खाल्लं. लोक येत-जात होते, कुणी थांबून बघितलं नाही, याचंही तिला आश्चर्य वाटलं. पहिला घास तिने चाळीस वेळा चावला, सवयीने. दुसऱ्याला मुद्दाम सात वेळाच चावून गिळला, तर तो छातीत कुठेतरी अडला, अनोळखी पाहुण्यासारखा दारातच उभा राहिला. गोड. किती गोड असतं हे. आणि तिला एकदम लेकीचा हात आठवला, सहा महिन्यांची असतानाचा, कोपराला तीन वळ्या पडायच्या त्याच्या, मनगटाला तर दोरा बांधल्यासारखी खाच होती. ढब्बू. त्या हातावरून पडलेलं ते नाव अजून घरात चालू होतं, सोळाव्या वर्षीही; नवरा दारातून आला की आधी "ढब्बू कुठाय?" विचारायचा, आणि ढब्बू, जिचं मनगट आता बापाच्या अंगठ्याने आणि करंगळीने वेढलं जाईल, आतल्या खोलीतून ओ द्यायची. तेराव्या वर्षी तिने पहिल्यांदा डबा उघडून विचारलं होतं, "आई, नऊच का?" त्या दिवशी आईला काय आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या विषयातला प्रश्न विचारत होतं. ओट्याशी उभं राहून तिने लेकीला सगळं सांगितलं, सफरचंदाची दगाबाजी, चण्यांचा वारा, चाळीस वेळा चावण्यामागचं गुपित, आणि मोठ्या अक्षरात यादी लिहून फ्रिजवर लावली: भूक लागली तर. वर्षाने त्या यादीतल्या नऊवर काट मारून कुणीतरी सात केलं होतं. मग पाच. अक्षर लेकीचं होतं. तिने ते बघितलं होतं आणि तिला वाटलं होतं, आवडत नसतील बदाम.

आणि शाळेचा शर्ट. हा शर्ट आता केळ्याच्या घासासारखाच तिच्या छातीत अडून राहिला. इतरांच्या आया आंधळ्या असतील, पण ही तर अंगावरच्या कपड्यावरून आतलं माणूस वाचणारी. खांद्याची शिवण अर्धा बोट खाली उतरली तरी तिला लांबून दिसायची. तिला दिसलं होतं. तिने काय केलं? शर्ट उलटा करून लेकीच्या अंगावर चढवला, तोंडात टाचण्या धरल्या आणि दोन्ही बाजूंची शिवण आत घेतली. चार महिन्यांनी परत घेतली. "आता बघ कसा छान बसला," असं टाचण्यांच्या फटीतून म्हणालीसुद्धा. कंगव्यात केस येऊ लागले तेव्हा तिने तेल बदललं. पोर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसू लागली तेव्हा पंखा एकावर केला. आणि ज्या दिवशी ती स्वतः खरंच घाबरली, ओरडली, ताटापुढे बसून रडली, त्या दिवशी लेकीने शांतपणे, एखाद्या दुकानदाराने शेवटचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं: "तेवीस झालं ना की थांबणार. प्रॉमिस. मग तू देशील ते खाईन." त्यानंतर दोघींत बोलणं असं उरलंच नव्हतं. "दार लाव." "पाणी आलं." "फी भरायचीय." एवढंच.

ती घरी आली तेव्हा ढब्बू टेबलाशी गणितं सोडवत बसली होती, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून. शेजारी बशीत गाजराचे तुकडे, पाच. तिने मोजले नाहीत, ते मोजले गेले. येताना वाटभर तिने वाक्यं जुळवली होती. साधी वाक्यं. हा टेप खोटा आहे. मी सहा वर्षं एका खोट्या आकड्यासाठी उपाशी राहिले. तू राहू नकोस. तीनच वाक्यं, एका दमात संपली असती. तिने उरलेलं केळं टेबलावर ठेवलं, पिशवीतून डबा काढला, आणि डब्यावरचा टेप घरंगळून वहीवर पडला, उलगडत उलगडत पार कंपासपेटीपर्यंत गेला.

"हा कुणाचा?"

"मास्तरांचा."

"खरा? कारखान्यातला?" लेकीने तो उचलला, आणि किती महिन्यांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "आई, माझं माप घे ना. मी रिबन आणि पट्टीने घेते ते काही खरं नसतं. चोविसाच्या खाली यायलाच तयार नाही मेलं." ती उठली, पाठ करून उभी राहिली आणि स्वेटर वर केला, हात जरासे वर धरून. अगदी तसेच. ते धरायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाठीचा एकेक मणका मोजून घ्यावा असा होता, कातडी निळसर, थंडीने काटा आलेली, आणि आईच्या हातातला टेप एवढा उरला की अजून एक वेढा पुरेल असं तिला वाटलं. तिने टोकं जुळवली. रिबन खरी होती, चोवीसच होतं ते. पण टेप आपला जुना शब्द पाळत होता, तेविसाच्या किंचित पुढे, नखाएवढं. आता सांगायचं. टेप खोटा आहे, ते तीन वाक्यांतलं पहिलं, ते जिभेवर आलं होतं. पण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी धावत आलं. तेवीस झालं की थांबणार. मग तू देशील ते खाईन. आत्ता, या क्षणी, एका शब्दावर. चोवीस म्हटलं तर ही उद्या पाचाचे तीन करेल. टेबलावर केळं होतं.

"किती?"

"तेवीस," ती म्हणाली, आणि तिच्या कानांना तो आवाज मास्तरांचा वाटला.

"खरंच? शप्पथ?"

"मास्तरांचा टेप आहे. अकरा वर्षांत चुकला नाही."

ढब्बू गर्रकन वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून आईला क्षणभर वाटलं, जमलं. जिंकलो. तिने घाईघाईने केळं सोललं, हातात दिलं. "चल, आता ठरल्याप्रमाणे." लेकीने घेतलं. घास घेतला, मोठा, गाल फुगला, आणि आई तिच्या जबड्याकडे बघत उभी राहिली. दहा. वीस. तिने मोजायचं नाही असं ठरवलं होतं. एकतीस. चाळीस. घास गिळला गेला. दुसरा घेतलाच नाही. लेकीने केळ्याची सालं पुन्हा वर ओढली, जखम झाकावी तशी नीट, आणि ते बशीत ठेवून दिलं.

"का गं? खा ना."

"नको. इतक्या मुश्किलीने आलंय आई, घालवू कशाला? आता टिकवायला हवं."

हे वाक्य तिला पाठ होतं. त्यातला एकही शब्द लेकीचा नव्हता. म्हणजे झालं ते हे झालं. खरं सांगितलं तरी उपाशी, खोटं सांगितलं तरी उपाशी, फक्त आता त्याला तिच्या तोंडचा आकडा होता. अजून वेळ गेली नव्हती. चिडेल, रडेल, टेप फेकून देईल, पुन्हा सहा महिने बोलणार नाही. सांगायला हवं. "ढब्बू, ऐक जरा, तो टेप..."

"आई," ढब्बूने तिचं ऐकलंच नव्हतं. तिने खुर्ची ओढली, आईच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि हनुवटी तळहातांवर टेकवली, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी. "तू अकरा वर्षं एकोणतीस कशी गं राहिलीस? आमच्या वर्गात कुणाच्याच आईला नाही जमलेलं. मी सांगितलं मुलींना."

"काय सांगितलंस?"

"की माझी आई म्हणजे माप आहे. तिच्यावरून सगळ्यांचे कपडे होतात." तिने गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. "सांग ना. मी लिहून घेते. टिकवायचं कसं?"

बशीतल्या केळ्याचा वास खोलीभर झाला होता. आईने तोंड उघडलं. तीन वाक्यं होती, साधी, वाटभर जुळवलेली. समोर लेक बसली होती आणि तिच्याकडे बघत होती, वर, डोळे मोठे करून, असं की जणू ती नुसती उभी राहत नव्हती इतकी वर्षं. तिच्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. पोटात कुठेतरी चारची भूक हलली, सात वाजून गेले होते तरी.

"आधी पाणी प्यायचं," ती म्हणाली. "कोमट."